हृदय कमजोर झालेला माणूस घरी आल्यावर: घरच्यांनी पहिल्या महिन्यात काय शिकायचं

माझ्या वडिलांना, अण्णांना, पहिल्यांदा मिरजेत ॲडमिट केलं होतं, तेव्हा डिस्चार्जच्या दिवशी डॉक्टरांच्या केबिनमध्ये मी एकटाच गेलो. आई बाहेर बाकड्यावर बसली होती, मांडीवर पिशवी, पायाशी थर्मास. डॉक्टर पाच-सात मिनिटं बोलले, मी मान डोलावली आणि बाहेर येऊन आईला म्हणालो, "मीठ कमी कर, पाणी जास्त देऊ नकोस, गोळ्या वेळेवर दे." आमच्या घरात भाजी आई टाकते, गोळ्या आई काढून देते, रात्री अण्णा किती वेळा उठले हेही तिलाच माहीत असतं. आणि तिच्या वाट्याला आलं ते माझं एवढं एक वाक्य. बावीस दिवसांनी आम्ही परत त्याच वॉर्डात होतो.

ज्यांच्या घरात नुकतंच कुणाला 'हार्ट फेल्युअर' आहे असं सांगितलंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी डॉक्टर नाही. गेली काही वर्षं घरात हेच करतोय, आणि डॉक्टर-नर्सना विचारून विचारून जे पक्कं कळलं तेवढंच इथे मांडतोय. तुमच्या पेशंटचं पाणी किती, वजन किती, गोळी कुठली, हे मात्र तुमचे डॉक्टर सांगतील तेच धरा.

आधी या शब्दाची भीती घालवा

'फेल्युअर' म्हटलं की हृदय बंद पडलं असंच वाटतं. आई तो शब्द ऐकून दोन दिवस जेवली नव्हती. खरं तर हृदय चालू असतं, जोर कमी झालेला असतो. विहिरीवरची मोटर चालू आहे पण दाब कमी, म्हणून टोकाच्या सरीला पाणी पोचत नाही, तसं समजा. शरीराला रक्त कमी पोचतं, म्हणून थकवा येतो. जे पुढे जात नाही ते मागे तुंबतं: फुप्फुसात तुंबलं की दम लागतो, पायात आणि पोटात साचलं की सूज येते. त्यात किडनीला वाटतं अंगात पाणीच कमी आहे, म्हणून ती मीठ आणि पाणी धरून ठेवते. मिठाबद्दल एवढं का सांगतात, ते यात आहे.

टू डी इकोच्या, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीच्या, रिपोर्टवर 'ई.एफ.' लिहिलेलं असतं, त्यालाच सगळे 'पंपिंग' म्हणतात. ठणठणीत माणसाचंही पंपिंग शंभर नसतं, साधारण ५० ते ७० असतं. ४० किंवा त्याखाली असेल तर पंपिंग कमी झालं असं धरतात. त्यामुळे '३० टक्के' ऐकून 'सत्तर टक्के हृदय गेलं' असा हिशोब करू नका. काहींचं पंपिंग चांगलं असतं, पण हृदयाचा स्नायू ताठ झालेला असतो. वय झालेल्या, बीपी-शुगर असलेल्या बायकांमध्ये हे बरंच दिसतं, आणि "पंपिंग तर नॉर्मल आहे" म्हणून घरचे त्यांचा दम मनावर घेत नाहीत. घ्या.

आणखी एक, सुनांच्या आणि लेकींच्या बाबतीत. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यापासून बाळंतपणानंतरच्या पाचेक महिन्यांपर्यंत आडवं झालं की दम लागत असेल, पाय फार सुजत असतील, तर बाळंतपणाचा अशक्तपणा म्हणून सोडून देऊ नका. त्या काळातही हृदय कमजोर होऊ शकतं. इको करून घ्या, आणि असं निघालं तर पुढचं मूल ठरवण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांशी बोला.

पहिलं पाऊल: केबिनमध्ये स्वयंपाक करणारं माणूस हवं

मला या सगळ्यात सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं. जो स्वयंपाक करतो आणि जो गोळ्या देतो, तो डॉक्टरांसमोर बसलाच पाहिजे. मुलगा, जावई, शहरातून आलेला भाऊ नंतर. डॉ. वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल उभं केलं तेव्हापासून मिरज हे दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही पेशंट येतात. ओपीडीत गर्दी असते आणि आपल्या वाट्याला मोजकी मिनिटं येतात. म्हणून प्रश्न घरूनच वहीत लिहून न्या. आम्ही दुसऱ्या खेपेला आईला आत नेलं, तेव्हा तिने पहिलाच प्रश्न विचारला, "कांदा-लसूण मसाल्यात मीठ असतंय, ते धरायचं का?" हा प्रश्न मला दहा जन्मांत सुचला नसता.

हे तरी विचाराच: हृदय कशामुळे कमजोर झालं, अटॅक, बीपी, झडप, दारू की आणखी काही? सूज उतरल्यावरचं वजन किती धरायचं? दिवसाला पाणी किती? कुठली गोळी कशासाठी? वजन वाढलं तर फोन कुणाला करायचा, आणि रात्री वाढलं तर? उत्तरं तिथल्या तिथे लिहून घ्या. उतरंडीसारख्या रचलेल्या जुन्या फायली घरी राहू द्या. डिस्चार्ज कार्ड, शेवटचा इको, शेवटचा रक्ताचा रिपोर्ट आणि गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत घाला.

दुसरं पाऊल: वजनकाटा, दुसऱ्याच दिवशी

बीपीचं मशीन नंतर घ्या, आधी वजनकाटा घ्या. पायावर सूज दिसायच्या आधी वजन बोलतं. अंगात एक लीटर पाणी साचलं की वजन एक किलोनं वाढतं, आणि चरबी काही एका रात्रीत किलोभर वाढत नाही.

आमची रीत अशी. अण्णा सकाळी उठून लघवी-संडास उरकून येतात, चहा अजून व्हायचा असतो. काटा स्वयंपाकघराच्या दाराशी सपाट फरशीवर ठेवलेला असतो, जागा कधी बदलत नाही. शहाबादी फरशी वर-खाली असली तर काटा रोज वेगळं सांगतो, म्हणून जागा नीट बघून घ्या. रोज तेच बनियन, तोच लेंगा. अण्णा भिंतीला हात न लावता उभे राहतात, नातू आकडा मोठ्याने वाचतो आणि आई कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहिते, जिथे आधी ती दुधाचा हिशोब लिहायची.

तीन दिवसांत दोन किलो वाढ झाली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. माणूस बरा दिसत असला तरी. उलट वजन भराभर उतरतंय, तोंड कोरडं पडतंय, उठल्यावर चक्कर येतेय, तर पाणी जास्तच निघून जात असेल, तेही कळवा.

वजनानंतर अंगठ्याची परीक्षा. घोट्याच्या वर, नडगीच्या हाडावर अंगठा दाबा, दहापर्यंत आकडे मोजा आणि सोडा. खळगा राहिला आणि हळूहळू भरला, तर पाणी साचतंय. दिवसभर पडून असणाऱ्याची सूज पायाऐवजी कमरेच्या मागे उतरते, तिथेही बघा. आणि उशा मोजा. काल एका उशीवर झोपणारा माणूस आज तीन मागतोय, किंवा रात्री दम कोंडून उठून खिडकीशी बसतोय, हे फुप्फुसात पाणी चढत असल्याचं लक्षण आहे.

तिसरं पाऊल: स्वयंपाकघर

मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सगळं मिळून सपाट एक चमचा चहाचा. यात फक्त वरून घातलेलं मीठ धरून चालत नाही. आपल्या सांगली-सातारकडच्या जेवणात मीठ लपून बसतं. उन्हाळ्यात डंकावरून करून आणलेल्या कांदा-लसूण मसाल्यात तो टिकावा म्हणून मीठ घातलेलं असतं. रश्शाला दोन चमचे मसाला पडला की मीठही पडलं. लोणचं, पापड, सांडगे, कुरडई, खारवलेली मिरची, भडंग, फरसाण, बेकरीची खारी, पाव, मिठाचं ताक, हे सगळं त्यातच. खायच्या सोड्यात आणि ॲसिडिटीच्या फसफसणाऱ्या पुडीतही सोडियम असतं. सैंधव उपासाला चालतं, पण हृदयाला ते मीठच.

आम्ही काय केलं ते सांगतो. पुढच्या वर्षीच्या मसाल्यातलं किलोभर मिश्रण आईने मीठ न घालता बाजूला काढलं आणि फ्रीजमध्ये ठेवलं. अण्णांचं दिवसाचं मीठ सकाळीच एका छोट्या डबीत काढायचं, संपलं की संपलं. भाकरीच्या पिठात मीठ बंद. चव आणायला लिंबू, आमसूल, लसूण, भाजलेलं जिरं, कोथिंबीर. पहिले पंधरा दिवस अण्णा ताट सरकवून ठेवायचे. "आजाऱ्याचं जेवण" म्हणायचे. मग आईने सगळ्यांच्याच आमटीत मीठ कमी केलं, ज्याला हवं त्याने वरून घ्यावं. एकट्याचं ताट वेगळं राहिलं नाही तेव्हा त्यांनी जेवायला सुरुवात केली. काही आठवड्यांत जिभेला सवय होते. आता लग्नातली भाजी त्यांना स्वतःलाच खारट लागते.

'लो सोडियम' म्हणून मिळणारं मीठ मात्र विचारल्याशिवाय आणू नका. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेलं असतं. हृदयाच्या काही गोळ्यांनी, विशेषतः स्पायरोनोलॅक्टोनने, पोटॅशियम आधीच वाढतं आणि ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. रोज शहाळं पाजायच्या आधीही याच कारणाने विचारा.

पाणी सगळ्यांना मोजून नसतं. डॉक्टरांनी दीड लीटर सांगितलं असेल तर सकाळी दीड लीटरची बाटली भरा. चहा घेतला, ताक घेतलं, आमटीचं पातळ प्यायलं, की तेवढं पाणी बाटलीतून झाडाला घाला. घरातलं फुलपात्र किती मिलीचं आहे हे एकदा मोजून ठेवा. आमचं निघालं १८० चं. तहान फार लागली तर चूळ भरा, लिंबाची फोड चोखा.

चौथं पाऊल: गोळ्या, आणि ज्या घ्यायच्याच नाहीत त्या

पंपिंग कमी असलेल्यांना बहुतेक वेळा चार प्रकारच्या गोळ्या देतात. रक्तवाहिन्या सैल करून हृदयावरचा भार कमी करणारी, ठोके सावकाश करणारी, स्पायरोनोलॅक्टोनसारखी, आणि चौथी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन. ही चौथी मुळात शुगरची. शुगर नसलेल्यालाही हृदयासाठी देतात, म्हणून "आमच्यांना शुगर नाही, ही कशाला" म्हणत बंद करू नका. याशिवाय लघवीची गोळी, जी साचलेलं पाणी काढते.

डॉक्टर सुरुवातीला कमी डोस देतात आणि दोन-दोन आठवड्यांनी वाढवत नेतात. घरच्यांना वाटतं आजार वाढला म्हणून डोस वाढला. तसं नसतं, शरीराला सवय लावत पूर्ण डोसपर्यंत न्यायचं असतं. मधे किडनी आणि पोटॅशियमची रक्त तपासणी सांगतात, ती चुकवू नका.

पुढची चूक बरं वाटल्यावर होते. पंपिंग सुधारलं, माणूस शेतावर चक्कर मारून आला, की कुणीतरी म्हणतं आता किती दिवस गोळ्या खायच्या. इंग्लंडमध्ये एक अभ्यास झाला होता: पसरलेलं हृदय औषधांनी सुधारलेल्या पेशंटच्या गोळ्या, देखरेखीखाली, हळूहळू बंद केल्या. सहा महिन्यांत दहातल्या चारांहून जास्त जणांचं हृदय पुन्हा बिघडलं. ज्यांनी चालू ठेवल्या त्यांच्यात एकाचंही नाही.

लघवीची गोळी सकाळी देतात, रात्र मोडू नये म्हणून. आटपाडी-जतकडून एसटीने येणारे बरेच जण ओपीडीच्या दिवशी ती घेतच नाहीत, वाटेत जायचं कुठे, विशेषतः बायका. अडचण खरी आहे. लपवू नका, प्रवासाच्या दिवशी ती किती वाजता घेतलेली चालेल हे डॉक्टरांना सरळ विचारा.

आता आमचे बावीस दिवस. अण्णांचा गुडघा दुखत होता. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली, चार-पाच दिवस रोज दोन. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन, निमेसुलाइड या गोळ्या शरीरात मीठ-पाणी धरून ठेवतात आणि किडनीवर ताण आणतात; हृदय कमजोर असलेल्याला त्या विषासारख्या. पाय सुजले, अंगात त्राण राहिलं नाही. मग जवळच्या एका दवाखान्यात अशक्तपणासाठी सलाईन लावली. आम्हीच लावा म्हटलं. साध्या सलाईनच्या अर्ध्या लीटरच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ असतं, म्हणजे जवळजवळ दिवसभराचं मीठ आणि अर्धा लीटर पाणी थेट शिरेत. त्या रात्री दोन वाजता अण्णा भिंतीला टेकून बसले होते, तोंड उघडं, वाक्य पुरं करता येत नव्हतं.

म्हणून फाईलच्या पहिल्या पानावर जाड अक्षरात लिहा: हृदय कमजोर आहे, विचारल्याशिवाय सलाईन नको, दुखण्याची गोळी नको. ताप-दुखण्याला काय चालेल ते आधीच विचारून ठेवा, बहुधा साधी पॅरासिटामॉल सांगतात. जुलाब-उलट्या लागल्या तरी त्याच दिवशी फोन करा, कारण तेव्हा लघवीची आणि इतर काही गोळ्या तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. ते डॉक्टरांनी ठरवायचं. एकादशीचा, श्रावणातला उपासही आधी सांगून करा.

१०८ कधी

बसल्या जागी दम, बोलताना वाक्य तुटतंय, खोकल्यातून गुलाबीसर फेस, छातीत दुखणं थांबत नाही, चक्कर येऊन पडणं, ओठ निळसर, माणूस बरळतोय: यातलं काहीही असेल तर घरगुती उपाय नको, १०८ ला फोन. ही अँब्युलन्स मोफत आहे. ती येईपर्यंत दम लागलेल्या पेशंटला आडवं करू नका. कॉटच्या कडेला पाय खाली सोडून, पाठीला उशा लावून बसवा, पाणी पाजू नका. फाईलची पिशवी दाराशी ठेवा आणि एक जण रस्त्यावर बॅटरी घेऊन उभा राहू द्या; मळ्यातल्या वस्तीवर चालकाला घर सापडण्यात वेळ जातो.

काम, आराम आणि न विचारलेले प्रश्न

कॉटवर बसवून ठेवणं हे प्रेमापोटी होतं, पण त्याने पायातली ताकद जाते. सूज उतरली आणि डॉक्टर हो म्हणाले की रोज चालायचं. चालताना गप्पा मारता आल्या पाहिजेत, धाप लागली की थांबायचं. दुधाचे कॅन, खताची पोती बंद. रात्रीच्या लाईटवर उसाला पाणी पाजायला जाणं अण्णांनी महिनाभर भांडून सोडलं. संडासात उकिडवं बसताना दम लागत असेल तर कमोडची खुर्ची आणा. नवरा-बायकोच्या संबंधांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लिहितो: दोन मजले न थांबता चढता येत असतील तर बहुधा हरकत नसते, डॉक्टरांना एकट्यात विचारा. छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट घेणाऱ्याने संबंधांसाठीच्या ताकदीच्या (सिल्डेनाफिलसारख्या) गोळ्या मुळीच घ्यायच्या नाहीत, बीपी जीवघेणं उतरतं. तंबाखू आणि दारू बंद. फ्लूची लस दरवर्षी, न्यूमोनियाची विचारून.

पैसे आणि पूर

ॲडमिट करायची वेळ आली तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का, हे हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी विचारा. रेशनकार्ड आणि आधार जवळ ठेवा. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च मात्र घरातून जातो, आणि पैशामुळे गोळी बंद झाली हे डॉक्टरांना सांगायला लोक लाजतात. सांगा. डॅपाग्लिफ्लोझिनचं पेटंट २०२० मध्ये संपलं, आता ती बऱ्याच स्वस्तात मिळते. जनऔषधी केंद्रात काय काय मिळेल ते चिठ्ठी दाखवून बघा.

कृष्णाकाठच्या लोकांसाठी वेगळं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पाणी घरात आलं तेव्हा किती जणांच्या गोळ्या वाहून गेल्या, आणि छावणीत कुठली गोळी होती ते नाव सांगता येईना. जूनच्या शेवटी पंधरा दिवसांच्या गोळ्या, कागदांच्या झेरॉक्स आणि गोळ्यांची यादी प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उंचावर ठेवा. यादीचा फोटो घरातल्या तिघांच्या मोबाईलमध्ये असू द्या.

घरच्यांचं मन, घरच्यांची तब्येत

अण्णा मधेच चिडतात, मधेच तासन्‌तास बोलत नाहीत. रात्री झोपायला घाबरतात. हा स्वभाव बदललेला नाही, ही भीती आहे, आणि तीवर औषधोपचार होतो. १४४१६ या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनच्या, नंबरवर मराठीतून मोफत बोलता येतं, पेशंटला आणि घरच्यांनाही.

कामं वाटून घ्या, तोंडी नाही, कागदावर. पुण्यात असलेल्या बहिणीला "तू काय करणार लांबून" म्हणू नका. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी मागवणं आणि अपॉइंटमेंट घेणं तिच्याकडे द्या. वॉर्डात शेजारच्या खाटेवर ओळख झालेल्या दोन कुटुंबांशी आमचं अजून बोलणं होतं. एकीकडून बिनमिठाचा ठेचा कसा करायचा ते आईने शिकून घेतलं, लसूण जास्त आणि वरून लिंबू. आईच्या बचत गटात आता महिन्याच्या बैठकीत काटा ठेवतात, कारण गटातल्या तिघींच्या घरी हाच आजार निघाला.

तिसऱ्या महिन्यातल्या तपासणीला गेलो तेव्हा नर्सने अण्णांचं बीपी घेतलं आणि पट्टा हातात धरूनच आईला म्हणाली, "मावशी, तुमचं कधी बघितलंय?" कधीच बघितलं नव्हतं. १६८ निघालं. आता कॅलेंडरच्या चौकटीत दोन आकडे असतात, वर अण्णांचं वजन आणि खाली, रविवारच्या रविवारी, आईचं बीपी.